लेबलं कोण बदलतंय

सोमवार, ४ मार्च. सकाळी १०.१५
आजपासून रोजनिशी. कारण एकच: पुरावा. माणसाच्या तोंडावर कुणी विश्वास ठेवत नाही, कागदावर ठेवतात.

परिस्थिती अशी. संस्थेच्या तळमजल्यावर माझी बरण्यांची खोली. चौदा हजार दोनशे बरण्या. प्रत्येकीत अल्कोहोलमध्ये एक मासा आणि माझ्या अक्षरातलं लेबल. एकोणतीस वर्षं मी माशांना नावं ठेवतोय. एकाही माशाने तक्रार केलेली नाही.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर डीएनएची लॅब आली आणि तिच्याबरोबर मॅडम. वय पस्तीस. अख्खा मासा बघायचा त्यांना कंटाळा. उजव्या कुशीतला तांदळाएवढा तुकडा कापतात, यंत्रातून साडेसहाशे अक्षरांची ओळ काढतात आणि म्हणतात, हा या जातीचा बारकोड. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. मग बरणीतला मासा, मी ओळखलेलं नाव आणि हा बारकोड, असं तिन्ही एकत्र जगाच्या संदर्भ लायब्ररीत जातं. उद्या कुणी कुठल्याही तळ्याचं पाणी तपासलं तर त्यात कुठला मासा आहे हे त्यावरून ठरणार. म्हणजे माझ्यावरून.

गेल्या महिन्यात वर पाठवलेल्या चाळीसपैकी अकरा माशांचं नाव बारकोडशी जुळत नाही, असा निरोप आला. अकरा! एकोणतीस वर्षांत माझ्या अकरा चुका झालेल्या नाहीत. तेव्हा निष्कर्ष एकच. मासा माझ्या खोलीतून निघतो तेव्हा लेबल एक असतं, वर पोचतो तेव्हा दुसरं. कोणीतरी लेबलं बदलतंय.

२८ तारखेला तपासणी समिती येतेय. आमची नावं भरवशाची नाहीत असं ठरलं तर खोली बंद आणि बरण्या दुसऱ्या संस्थेच्या तळघरात. संचालक साहेबांनी तसं स्पष्ट सांगितलंय.

संकल्प: समिती यायच्या आत चोर पकडणे.

मंगळवार, ५ मार्च. ११.००
मॅडम स्वतः खाली आल्या. सर, त्या अकरा आपण दोघं मिळून पुन्हा मोजूया का? अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणाल्या.

'दोघं मिळून' म्हणजे काय ते मला कळतं. त्या मोजणार, मी मान डोलावणार. वेळ नाही म्हणून सांगितलं. (वेळ होता.)

जाताना म्हणाल्या, पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं तर शोधून सापडतं सर, पण त्यावर नावच चुकीचं असलं तर नेणारा तेच खरं समजतो. मी म्हटलं, मला शिकवू नका. हसल्या. त्या हसण्याची नोंद करून ठेवतो.

गुरुवार, ७ मार्च
मायक्रोस्कोपचा बल्ब कुणीतरी बदललाय. उजेड पिवळट, मासा चहात बुडवल्यासारखा दिसतो. मामांना विचारलं. मामा म्हणजे आमचे बरण्या धुणारे शिपाई. नातं काही नाही, अख्खी संस्था मामा म्हणते. म्हणाले, बल्ब तोच आहे सर. मग उजेड कुठे गेला? म्हणाले, आहे की भरपूर, माझे तर डोळे दिपतात.

मामा हल्ली वरच्या मजल्यावर चहाला फार जातात.

घरीही तोच प्रकार. हिने बैठकीत कमी उजेडाचे दिवे लावलेत. विचारलं तर म्हणते, अहो, वर्षभर तेच आहेत. वर्तमानपत्रवाल्यांनी अक्षर बारीक केलंय. कागद वाचवत असणार. सगळ्यांना एकदम कसं सुचतं हो हे?

शुक्रवार, ८ मार्च. ५.१०
सापळा लावला. बरण्यांच्या मधल्या कपाटाच्या दोन दारांवर माझा एक केस थुंकीने चिकटवला. दार उघडलं की केस तुटणार. केस माझ्याकडे मोजके आहेत, पण कामापुढे त्याचं काय.

सोमवार, ११ मार्च. ९.४०
केस जागेवर नाही. किंवा असेलही. तो पांढरा आहे आणि कपाटही पांढरं आहे, हे शुक्रवारी लक्षात आलं नव्हतं. नाक दाराला लावून दहा मिनिटं शोधत होतो. मामा आले. सर, तुमचा केस चिकटलाय इथे, पुसू का? आणि पुसला.

आता तुटला होता की नव्हता हे कधीच कळणार नाही. मामांनी पुरावा नष्ट केला. मुद्दाम का, हे ठरायचंय.

मंगळवार, १२ मार्च
मोठा शोध! दहा मार्कांचा नाही, शंभर मार्कांचा. अकरातली एक बरणी उघडली. मासा बाहेर घेतला, बोटाने चाचपला. उजव्या कुशीत दोन खाचा. बारकोडसाठी एकच तुकडा कापायचा, नियमच आहे. दुसरी खाच कुणाची?

आणि माझ्या लेबलामागे दुसरी चिठ्ठी. काहीतरी लिहिलंय, पण इतकं बारीक की मुंगीला चष्मा लागेल. मुद्दाम बारीक. संकेत असणार. खिडकीशी नेली, दिव्याशी नेली, नाही लागली. परत ठेवली, नाहीतर मला कळलं हे त्यांना कळेल.

गुरुवार, १४ मार्च. सकाळी ८.२०
योजना तयार. सोपी आणि जीवघेणी. एकच मासा आणायचा, त्याचे दोन तुकडे दोन कुप्यांत घालायचे आणि दोन वेगळी नावं लावून वर पाठवायचे. एकावर खरं नाव, एकावर खोटं. मॅडम प्रामाणिक असतील तर दोन्हीचं उत्तर एकच येईल, माझं खरं नाव. बघूच.

१०.००
बाजारातून बोय आणली. मासळीवालीने विचारलं, पिवळ्या गालाची देऊ की साधी? मी म्हटलं, साधी दे. तिने एक दिली. मी म्हटलं, ही साधीच ना? म्हणाली, नाही हो साहेब, ही पिवळ्या गालाची, साध्या संपल्या. मी बघितलं. गाल पिवळा होता, पण मला तिच्या सगळ्याच बोयींचे गाल पिवळे दिसत होते. बर्फही पिवळा होता. मी तिला समजावलं की मी एकोणतीस वर्षं हेच करतो आणि ही साधी बोय आहे. ती शेजारणीला म्हणाली, साहेबांचा चष्मा घरी राहिला वाटतं.

अडाणीपणावर उपाय नाही. कुपी ७१ वर साधी बोय लिहिलं, कुपी ७२ वर मुद्दाम भलतंच. वर पाठवल्या.

सोमवार, १८ मार्च
मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. आईने कान भरलेले दिसतात. बाबा, डोळे दाखवून घ्या ना. मी म्हटलं, डोळ्यांना काय झालंय? म्हणाली, परवा तुम्ही मला पाठवलेल्या मेसेजमध्ये 'मासा सापडला' ऐवजी 'मामा सापडला' लिहिलं होतं, मी दिवसभर काळजीत.

फोनची बटणं लहान असतात. त्यांचा आणि डोळ्यांचा काय संबंध? ही शेजारी उभी होती. मी फोन ठेवल्यावर लगेच स्वयंपाकघरात गेली. जरा जास्तच लगेच.

शुक्रवार, २२ मार्च. १२.३०
सापळ्याचा निकाल. मॅडमची चिठ्ठी, यावेळी मोठ्या अक्षरात: सर, ७१ आणि ७२ एकाच माशाचे तुकडे आहेत का? सगळी अक्षरं तंतोतंत सारखी आहेत. दोन्ही पिवळ्या गालाच्या बोयीची.

चिठ्ठी चारदा वाचली. मग डोकं चालायला लागलं. मासळीवालीने सांगितलं तेच नाव मॅडमनी सांगितलं. दोघींनी स्वतंत्रपणे तेच नाव सांगायची शक्यता किती? अर्थ उघड आहे. दोघी एकमेकींना ओळखतात.

हे जाळं मला वाटलं त्याहून मोठं आहे.

सोमवार, २५ मार्च. १.२०
मॅडम जेवायला गेल्या असताना वरच्या लॅबमध्ये गेलो. खणात निळी वही. वर माझ्या खोलीचं नाव. आत पानंच्या पानं, ओळीने क्रमांक, नावं, खाडाखोड, पुढे काहीतरी बारीक. वाचत बसायला वेळ नव्हता. (आणि उजेडही नव्हता.) घेतली. ही चोरी नाही, जप्ती आहे.

मामा जिन्यात भेटले. वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, सर, ठेवून या ती, कुणी विचारलं तर मी बघितलं नाही म्हणेन. मी म्हटलं, मामा, तुमची बाजू ठरवायची वेळ आलीय. ते म्हणाले, मी बरण्यांच्या बाजूने आहे. मला ते उत्तर आवडलं नाही.

बुधवार, २७ मार्च
उद्या. भाषण तयार आहे, आरशासमोर तीनदा म्हटलं. ही दारात येऊन ऐकत होती. म्हणाली, अहो, त्या बाई तुमचं काय वाईट करतायत? गेल्या महिन्यात मला फोन करून विचारत होत्या, सरांना हल्ली वाचायला त्रास होतो का म्हणून.

म्हणजे माझ्या घरापर्यंत पोचल्या!

संकल्प: आवाज चढवायचा नाही. पुरावाच बोलेल.

गुरुवार, २८ मार्च. ४.००
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

समितीत तिघं. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. साहेब, मॅडम, मी. मामा पाणी घेऊन उभे. अध्यक्षबाईंनी विचारलं, नावांची खात्री कशी करता? मी उठलो. म्हणालो, नावं माझी, पण इथे नावं बदलली जातात. लेबलांमागे चिठ्ठ्या सापडतात. माशांना दुसऱ्यांदा कापलं जातं. आणि हा त्याचा पुरावा. निळी वही टेबलावर आपटली.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटलं, जिंकलो.

अध्यक्षबाई म्हणाल्या, वाचून दाखवा.

वही उघडली. लांब धरली. जवळ धरली. चष्मा काढला, घातला. खिडकीशी गेलो. पान पिवळं होतं आणि त्यावर धुकं होतं. ओळी दिसत होत्या, अक्षरं दिसत नव्हती. मामा म्हणाले, दिवा लावू का सर? दिवा लागलेलाच होता.

मॅडम उठून माझ्याजवळ आल्या. मी वाचते, म्हणाल्या. माझ्या हातातून वही हळूच घेतली. ओढली नाही.

त्यांनी वाचलं. क्रमांक अमुक, साधी बोय. बारकोड जुळत नाही. दुसरा तुकडा काढून पुन्हा तपासला, तेच उत्तर. पराचे काटे तीनदा मोजले, अकरा नाही, बारा. नाव बदललं, मूळ लेबलामागे नवी चिठ्ठी ठेवली. ओळख: सर. पुढचा क्रमांक, तसंच. ओळख: सर. त्याच्या पुढचा. ओळख: सर. अकरा ओळी या वर्षीच्या. त्याआधीच्या तेवीस. चौतीस वेळा माझं नाव.

अध्यक्षबाईंनी विचारलं, दुरुस्ती तुम्ही केली, मग नाव यांचं का? मॅडम म्हणाल्या, मी ओळखायला यांच्याच बरण्यांवरून शिकले. पण चूक माझीही आहे, सरांना सांगायला हवं होतं. सांगायला तीनदा गेले, जमलं नाही.

साहेब माझ्याकडे बघत नव्हते. मी खुर्चीकडे निघालो आणि मधल्या टेबलाचा कोपरा लागला. मामांनी दंड धरला.

खोलीबद्दल समिती म्हणाली की इतकं नीट पुन्हा तपासलेलं काम कमी ठिकाणी दिसतं. खोली राहणार.

माझ्याबद्दल काही म्हणाली नाही.

शनिवार, ३० मार्च
डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलेला. भिंतीवरच्या तक्त्यातली वरची ओळ वाचली, खालच्यांना मी 'आणखी अक्षरं' म्हणालो. डॉक्टरांनी विचारलं, सगळं पिवळट दिसतं का? मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, दिव्यांवरून वर्षभर भांडतायत.

सोमवार, १ एप्रिल
खरं सांगायचं तर बरं वाटतंय. मी चुकलो नव्हतो. डोळा चुकला होता. डोळा हा एक अवयव आहे. पोट बिघडलं तर माणसाला कोणी मूर्ख म्हणतं का?

मॅडमची माफी मागायला वर गेलो. सगळं वाक्य पाठ केलं होतं. त्या म्हणाल्या, ऑपरेशन कधी आहे सर? मी तारीख सांगितली. माफी राहिली.

मंगळवार, २३ एप्रिल
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस. जग निळं निघालं. बल्ब पांढरा आहे. बर्फ पांढरा आहे. आरशात एक म्हातारा भेटला, त्याच्याशी अजून बोललो नाही. हिला म्हटलं, तुझे केस एवढे कधी पिकले? म्हणाली, तुम्ही लेबलं शोधत होतात तेव्हा.

गुरुवार, २ मे. १०.००
कामावर रुजू. मोठा निर्णय. डोळा नेमका कधी बिघडला ती तारीख शोधून काढणार. त्या तारखेआधीच्या सगळ्या बरण्या बिनचूक, असं लेखी जाहीर करणार. तेरा हजार तरी वाचतील.

दोन वर्षांपूर्वीच्या दहा बरण्या काढल्या. तीन चूक. म्हणजे डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता.

३.३०
पाच वर्षांपूर्वीच्या दहा. दोन चूक. डॉक्टरांना फोन केला, पाच वर्षं शक्य आहे का? म्हणाले, कदाचित. 'कदाचित' नोंदवून घेतलं.

सोमवार, ६ मे
अकरा वर्षांपूर्वीच्या दहा. दोन चूक. तेव्हा मला चष्माही नव्हता. डॉक्टरांना फोन. शक्य नाही, म्हणाले, आणि पेशंट बसलेत म्हणाले. मग आठवलं, त्या वर्षी खोलीला रंग चालू होता. वासाने डोकं दुखायचं.

बुधवार, ८ मे
एकोणीस वर्षांपूर्वीच्या दहा. दोन चूक. त्या वर्षी मुलगी लहान होती, झोप नव्हती. हिला घरी विचारलं. म्हणाली, झोप मला नव्हती. तुम्ही घोरत होतात.

गुरुवार, ९ मे. १.०५
पहिलं वर्ष. माझं वय सत्तावीस. तेव्हा मी या खिडकीतून पलीकडच्या इमारतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा वाचायचो. लग्न नाही, मूल नाही, रंगकाम नाही. डोळे घारीचे.

दहा बरण्या. तीन क्रमांकाची चूक. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा, या आशेने की आता तरी चुकेन.

जेवणाची सुट्टी होईपर्यंत कारण शोधत होतो. नाही सापडलं.

शुक्रवार, १० मे
९.४५ ला वर गेलो. पाठांतर नव्हतं. म्हणालो, मॅडम, डोळ्यांचं नाही ते. पहिल्या वर्षापासून आहे. आणि तुमच्याबद्दल मी जे काही समजलो त्याला तर डोळ्यांचीही सबब नाही. माफ करा.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, पहिल्या वर्षातली कुठली? तीन नंबरची म्हटलं. त्या उठून उभ्या राहिल्या. तीन मी मागच्या वर्षी बघितली होती सर. मला बरोबर वाटली. बरोबर म्हणून खूण केलीय मी.

दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मला हसू येईल असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, किती बरण्या आहेत एकूण? मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, चला. मामांनी दुसरी खुर्ची आणली, पुसली, मायक्रोस्कोपशी लावली आणि चहाला वर न जाता तिथेच उभे राहिले.

बरणी क्रमांक एक. कुशीवरचे खवले मोजायचे. मी अडतीस म्हणालो. मॅडम छत्तीस. पुन्हा मोजले. सदतीस.

संध्याकाळपर्यंत चार बरण्या झाल्या.

त्या गेल्यावर हिशेब केला. दिवसाला चार, एकही सुट्टी न घेता, पावणेदहा वर्षं. मला निवृत्तीला अठरा महिने आहेत.

मॅडमना सांगितलं नाही. सोमवारी साडेनऊला येतायत.